जंत फेकू नका, बाटलीत ठेवा : इंदूरच्या डॉक्टरांना आणि विज्ञानसंस्थांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील नेत्रतज्ज्ञ, सर्जन आणि एंडोस्कोपी करणारे डॉक्टर,
रुग्णालयांच्या पॅथॉलॉजी व मायक्रोबायोलॉजी विभागांचे प्रमुख,
आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ज्यांच्या ताब्यात आहेत त्या संस्थांचे संचालक

स. न. वि. वि.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन. एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातला बराचसा काळ ज्या टेबलापाशी कुणी फार वेळ उभं राहत नाही त्या टेबलापाशी गेला : संडासाची तपासणी. तेव्हा जंतांची किळस केव्हाच गेली. आता राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा.

पत्राला कारण घरातलंच आहे. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या मोठ्या जाऊबाईंची उजवी पापणी सुजली. रांजणवाडी समजून शेक झाला, लवंग उगाळून लावून झाली, मग डोळ्यांत थेंब झाले. दोन आठवड्यांनी सूज भुवईकडे सरकली आणि तीन दिवसांनी परत खाली आली. "आत काहीतरी चालतंय गं," त्या म्हणायच्या, आणि आम्ही हसण्यावारी न्यायचो. मी पण. शेवटी शहरातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी जागा बधिर करून बारीक छेद घेतला आणि चिमट्यानं एक पांढरा, शिवायच्या दोऱ्याएवढा जाड, वळवळणारा जंत ओढून काढला. ओढताना तो तुटला. मोठा तुकडा फॉर्मलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतून लॅबला गेला. चारेक सेंटिमीटरचा लहान तुकडा सलाइनच्या गॉझमध्ये गुंडाळून पुतण्याच्या हातात दिला, "घर पे दिखा देना" म्हणून.

लॅबचा रिपोर्ट दीड ओळीचा होता. फायलेरियल वर्म; लक्षणांशी ताडून पाहावे.

फायलेरिया म्हटलं की सामान्य माणसाला एकच चित्र दिसतं, हत्तीरोगाचं. जाऊबाईंना रात्री अकरा वाजता रक्त द्यायला नेलं, कारण हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात. रक्तात काही सापडलं नाही. तरी बारा दिवस हत्तीरोगावरच्या डायएथिलकार्बामॅझिनच्या गोळ्या झाल्या. मळमळ, डोकेदुखी, दोन दिवस ताप. त्यानंतर कितीतरी महिने त्या रोज सकाळी ब्लाउजच्या मापाची टेप घेऊन घोटा मोजत होत्या. आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायच्या. बावीस, बावीस, साडेबावीस, बावीस. साडेबावीसच्या दिवशी जेवल्या नाहीत.

हे सगळं होत असताना तो चार सेंटिमीटरचा तुकडा माझ्या फ्रीजमध्ये होता.

रिपोर्ट वाचून मला चैन पडेना. हत्तीरोगाचा जंत लसिकावाहिन्यांत राहतो. पापणीच्या कातडीखाली इकडून तिकडे फिरणं हा त्याचा रिवाज नाही. माझ्या मनात दुसरंच नाव होतं : डिरोफायलेरिया रिपेन्स. हा मुळात कुत्र्याचा जंत. डास कुत्र्याला चावतो, मग माणसाला चावतो, आणि अळी माणसात येऊन पडते. माणूस हे तिचं घर नव्हे. बहुधा ती एकटीच असते, तिला जोडीदार मिळत नाही, म्हणून रक्तात पिल्लंही सहसा सापडत नाहीत. कातडीखाली नाहीतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली ती काही काळ भटकते, गाठ करते. आपल्या देशात केरळातून असे रुग्ण सर्वांत जास्त नोंदले गेलेत. हिच्यावरचा उपाय म्हणजे तिला बाहेर काढणं. काढली की बहुतेकदा काम झालं. म्हणजे जाऊबाई टेबलावरून उठल्या तेव्हाच बऱ्या झाल्या होत्या. पुढचं सगळं त्या दीड ओळीनं केलं.

पण माझ्या मनातल्या नावाला कोण विचारतो? पुरावा हवा होता.

रात्रभर सलाइनमध्ये राहिलेल्या त्या तुकड्याचे मी जंत काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्लेडनं दोन भाग केले होते. एक अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये ठेवला. दुसरा, बोटाच्या पेराएवढा, आधी ताज्या सलाइनमध्ये खळबळून वरचा चिकटा काढला आणि अडीच टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये, म्हणजे नमुन्याची रचना टिकवणाऱ्या रसायनात घातला. जुन्या ओळखी अशा वेळी उपयोगी पडतात. माझा भाचा भौतिकशास्त्रात संशोधन करतो, पातळ थरांवर. त्याच्या हातात बाटली दिली तर म्हणाला, "मावशी, हे काय आणलंस?" सांगितल्यावर दोन पावलं मागे सरकला. आधी त्यानं एका ठिकाणी विचारलं, तिथं चक्क नकार मिळाला : जैविक नमुना घालून आमचा चेंबर खराब करायचा नाही. भीती अगदीच खोटी नाही. इलेक्ट्रॉनचा झोत निर्वातातच चालतो. ओला नमुना आत गेला तर पाण्याची वाफ होऊन यंत्राचे हाल होतात. पण नीट वाळवलेला जंत आणि नीट वाळवलेला सिरॅमिकचा तुकडा यांत त्या यंत्राला फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी हो म्हटलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही.

वाळवणं हीच खरी कला आहे, आणि डॉक्टरसाहेब, तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली नसेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. जंत उघड्यावर वाळवला तर कारल्याच्या काचरीसारखा आक्रसतो आणि अंगभर सुरकुत्या पडतात. आपल्याला ज्या बारीक रेघा पाहायच्या, त्यांची नक्कल या सुरकुत्या हुबेहूब करतात. म्हणून आधी नमुन्यातलं पाणी हळूहळू काढून त्या जागी अल्कोहोल भरायचं : तीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद, शंभर, प्रत्येक पायरीवर थोडा वेळ. मग एका जाड भिंतीच्या छोट्या भांड्यात अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. भांडं तापवत नेलं की एकतीस अंशांच्या वर आणि साधारण त्र्याहत्तर पट वातावरणाच्या दाबावर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. पृष्ठताणच नाही, त्यामुळे नमुना ओढला जात नाही, चुरगळत नाही. मग हळूच वायू सोडून द्यायचा. बाहेर येतो तो जंत कोरडा, हलका, पण जिवंतपणी होता त्याच आकाराचा. त्याला ॲल्युमिनियमच्या गोल बुडख्यावर कार्बनच्या चिकटपट्टीनं बसवायचा आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, काही नॅनोमीटरचा. सोनं कशाला? झोतातले इलेक्ट्रॉन नमुन्यावर साचून राहिले तर चित्र फाटतं. सोनं त्यांना वाट करून देतं. सराफ्यातल्या कुणाला हा हिशेब सांगितला तर तो हसेल, इतकं कमी सोनं.

मी त्या काचेपलीकडच्या खोलीत बसले होते. पडद्यावर आधी राखाडी धूसर काहीतरी आलं, मग बाईंनी गोल बटण फिरवलं आणि एकदम धार आली. जंताच्या अंगावर लांबीच्या दिशेनं उभे कंगोरे, एकाला लागून एक, पेरणीआधीच्या माळव्यातल्या शेतातल्या सरींसारखे. आणि प्रत्येक कंगोऱ्यावर आडव्या बारीक खाचा, त्यामुळे कंगोरा सलग न दिसता मण्यांची माळ ओवल्यासारखा दिसत होता. खाली काळ्या पट्टीवर मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची मोजरेघ. भाचा म्हणाला, "मावशी, या सुरकुत्या नाहीत कशावरून?" चांगला प्रश्न. सुरकुत्या वाटेल तशा वाकतात, एकमेकींत मिसळतात. हे कंगोरे सारख्या अंतरानं चालले होते. हीच रिपेन्सची खूण. मला रडू आलं ते जंतासाठी नव्हे. कॅलेंडरवरचे आकडे आठवले.

त्याच कुळातला, कुत्र्याच्या हृदयात राहणारा डिरोफायलेरिया इमिटिस बाहेरून गुळगुळीत असतो. कंगोरे सापडलेच तर फक्त नराच्या शेपटीच्या पोटाकडच्या बाजूला. आफ्रिकेतला डोळ्यातला जंत लोआ लोआ, त्याच्या अंगावर रेघा नसतात, उंचवटे असतात, पुरळ उठल्यासारखे. डोळ्याच्या पृष्ठभागावर, पापणीच्या आत राहणारा थेलाझिया कॅलिपीडा, त्याच्या अंगावर आडव्या वळ्या असतात आणि कड करवतीसारखी दिसते; त्याला डास नव्हे, डोळ्यातलं पाणी चाटायला येणारी माशी पसरवते. नॅथोस्टोमाच्या डोक्यावर आकड्यांच्या ओळी असतात, अळीला चार, पूर्ण वाढलेल्याला आठ. तो गोड्या पाण्यातल्या कच्च्या किंवा अर्ध्याकच्च्या माशातून येतो. पाच जंत, पाच वेगळ्या वाटा. एकात काढून टाकलं की संपलं, दुसऱ्यात पोटातून औषध लागतं, तिसऱ्यात अळी मेंदूकडे जाण्याची भीती. रिपोर्टवर मात्र पाचही "नेमॅटोड", म्हणजे नुसते गोल जंत.

आता कुणी म्हणेल, बाई, प्रत्येक जंताला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक? मुळीच नाही. हा हट्ट मी करत नाही, उलट केला तर माझ्याच टेबलाचा अपमान होईल. रिपेन्सचे कंगोरे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. आडवा छेद घेतला तर कडेला दातेरी नक्षी दिसते. त्या लॅबमध्ये कुणी दहा मिनिटं देऊन पाहिलं असतं तर "रिपेन्सची शंका" एवढं तरी लिहिता आलं असतं. टेपवर्मचा तुकडा आला तर दोन काचांत दाबून गर्भाशयाच्या फांद्या मोजा. डुकराच्या मांसातून येणाऱ्याला साधारण सात ते तेरा, गाईम्हशीच्या मांसातून येणाऱ्याला त्याहून जास्त. यात कुठलाही झोत नको, आणि यावरून केवढं ठरतं! पहिल्याची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. अंड्यांकडे पाहून मात्र दोघांत फरक करता येत नाही.

आणि डबीवाले! काडेपेटीत, जर्द्याच्या डबीत, एकदा तर कुंकवाच्या करंड्यात, लोक "जंत" घेऊन यायचे. तान्ह्या बाळाच्या लंगोटातले काळे बारीक दोरे घेऊन घाबरलेली आई यायची. मी विचारायची, "केळं भरवलंत?" केळ्यातले धागेच ते. एक गृहस्थ दर महिन्याला अंगातून निघालेले किडे म्हणून सतरंजीची सुतं आणायचे. त्यांना सूक्ष्मदर्शकाची नाही, मन जाणणाऱ्या डॉक्टरची गरज होती, आणि ते त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. या सगळ्याला एक स्लाइड पुरते.

मग मोठं यंत्र कधी? जिथं साध्या भिंगाची हद्द संपते तिथं. प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक मायक्रॉनच्या पाचव्या हिश्शाच्या खाली दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. ही भिंगाची खोट नाही, प्रकाशाचाच स्वभाव. रुस्का आणि नोल यांनी १९३१ मध्ये प्रकाश सोडून इलेक्ट्रॉन वापरले ते त्यासाठीच, आणि रुस्काला त्याचं नोबेल मिळायला १९८६ उजाडलं. आमच्या बाटलीतला जंत पाहायला एवढी वाट पाहायचं कारण नव्हतं : पृष्ठभाग दाखवणारी स्कॅनिंग यंत्रं १९६५ पासून बाजारात आहेत.

हुकवर्मचं उदाहरण देते, कारण ते माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतं. हा आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. एकतीस वर्षं मी रजिस्टरात "हुकवर्म ओव्हा", म्हणजे हुकवर्मची अंडी, असं लिहिलं. पातळ कवच, आत चार-आठ पेशी, बाजूला मोकळी जागा. डोळे मिटले तरी दिसतं. पण कुठला हुकवर्म? अंड्यावरून सांगताच येत नाही. तोंड पाहावं लागतं. अँकिलोस्टोमा ड्युओडेनेलच्या तोंडात सुळ्यांच्या दोन जोड्या, नेकॅटर अमेरिकॅनसच्या तोंडात सुळे नाहीत, कापायच्या पट्ट्या. पहिला रोज रुग्णाचं साधारण पंधरा-वीस शतांश मिलिलिटर रक्त घालवतो, दुसरा तीन शतांश. एकेका जंतामागे पाचपटीहून जास्त फरक. आणि तिसरा, अँकिलोस्टोमा सिलॅनिकम, कुत्र्यामांजरांचा, पण माणसाच्या आतड्यातही पूर्ण वाढतो. त्याच्या तोंडात सुळ्यांची एक मोठी जोडी आणि आत दुसरी इवलीशी, चुकवली तर चुकते अशी. स्कॅनिंगच्या चित्रात ती चुकत नाही.

आपण १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत पोरांना अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतो, एक ते एकोणीस वयाच्या सगळ्यांना. चांगलंच करतो. पण गल्लीतल्या पोरांच्या पोटातला जंत गल्लीतल्याच कुत्र्याचा असेल, तर पोरांना गोळी देऊन कुत्र्याला सोडणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान आपण मिरवतो. कुत्रीही याच शहराची आहेत. हे ठरवायला पूर्ण वाढलेला जंत लागतो, आणि तो मिळतो कुठे? एंडोस्कोपीत. पांडुरोगाच्या रुग्णाच्या लहान आतड्यात नळी जाते, पडद्यावर जंत हलताना दिसतो, डॉक्टर चिमट्यानं काढतात, फोटो घेतात, आणि जंत कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. तोंड कुणी पाहत नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या लोकांना पटेल. नारू. माझ्या आजोळी धारच्या बाजूला पायातून निघणारा नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. बावडीत उतरून पाणी भरणाऱ्यांचा तो रोग. १९९६ नंतर देशात त्याचा रुग्ण नाही, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला नारूमुक्त ठरवलं. आता उद्या कुणाच्या पिंढरीतून लांब पांढरा जंत निघाला, तर तो नारू नाही हे छातीठोकपणे कशाच्या आधारावर सांगणार? फेकून दिलेल्या जंताच्या?

डीएनए आहे की, असं तरुण डॉक्टर म्हणतील. आहे, आणि हवाच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सर्वज्ञ नाही. २०१२ मध्ये हाँगकाँगच्या नावानं डिरोफायलेरियाची एक जात सुचवली गेली. तिच्यात आणि रिपेन्समध्ये रूपावरून फरक करणं अवघड आहे, तिथं जनुकंच बोलतात. म्हणूनच मी म्हणते, अख्खा जंत फॉर्मलिनमध्ये बुडवू नका. फॉर्मलिनमधल्या जंताचं स्कॅनिंग एक वेळ होतं, डीएनए मात्र तुटून जातो. मधला इंचभर कापून अल्कोहोलमध्ये, डोकं आणि शेपूट ग्लुटराल्डिहाइडमध्ये. ते नसेल तर सगळाच्या सगळा सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, तेही चालेल. नळाच्या पाण्यात ठेवू नका, फुगून फुटतो. गॉझमध्ये सुकू देऊ नका. बाटलीवर तारीख, शरीराची जागा आणि रुग्णाकडे कुत्रं आहे का, गेल्या वर्षी कुठे राहिला, काय खाल्लं, हे लिहा. ऑपरेशन थिएटरच्या फडताळात अशा दोन बाटल्या तयार ठेवायला काय लागतं?

संचालकसाहेब, आता तुमच्याकडे वळते. ज्या शहराच्या कडेला इंडस-२ सारखं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरवून क्ष-किरण काढणारं अवाढव्य यंत्र चालतं, त्या शहरात जंताच्या तोंडाचा फोटो निघू नये, हे मला पटत नाही. तुमची यंत्रं धातू, अर्धवाहक, चुंबकीय पदार्थ पाहतात. त्या कामाचा मला आदर आहे, भाच्याची भाकरी त्यावरच आहे. मागणं एवढंच, की महिन्यातून एक दुपार वाळवलेल्या, मुलामा दिलेल्या वैद्यकीय नमुन्यांसाठी राखून ठेवा आणि अर्जाच्या फॉर्मवर तसा एक रकाना घाला. आज त्या फॉर्मवर "नमुन्याचे रासायनिक सूत्र" विचारलेलं आहे. भाच्यानं तिथं रेघ मारली.

आणि महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे. कुत्र्यांचे जंत रोज हाताळणारी माणसं तिथं आहेत. माणसांचे डॉक्टर त्यांना फोन करायला का लाजतात, हे मला एकतीस वर्षांत कळलं नाही.

जाऊबाईंना मी ते चित्र छापून दाखवलं. बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "नऊवारीचं काठ वाटतंय." टेप परत शिवणाच्या डब्यात गेली.

उरलेला तुकडा, सुमारे दोन सेंटिमीटर, अजून अल्कोहोलमध्ये आहे. माझ्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीच्या मागे, झाकणावर तारीख लिहिलेली. सूनबाई रोज विचारते, आई, हे केव्हा जाणार? तुमच्यापैकी ज्यांना त्याचा डीएनए काढायचा असेल, त्यांनी संक्रांतीच्या आत सांगावं. बाटली मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
रामबाग, इंदूर